ताहराबादचे महिपतीबुवा : जशी दृष्टी तसे सुख



आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. या निमित्ताने आपल्याच जिल्ह्यातल्या एका थोर माणसाची आठवण काढायला हवी. ज्ञानोबा-तुकोबांपासून गोरोबा, सावतोबा, जनाबाईपर्यंतच्या ज्या कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि वाटेने चालताना एकमेकांना सांगतो, त्यांतल्या कितीतरी आपल्यापर्यंत आल्या त्या राहुरी तालुक्यातल्या ताहराबाद गावातून. त्या लिहिणारे संतचरित्रकार महिपतीबुवा. सगळ्या संतांची चरित्रे त्यांनी सांगितली, पण त्यांचे स्वतःचे चरित्र मात्र फारसे कोणी सांगत नाही.

महिपतींचा जन्म शके १६३७ मधला, म्हणजे इ. स. १७१५ चा. वडील दादोपंत हे ताहराबादचे कुलकर्णी, आईचे नाव गंगाबाई. दादोपंत पंढरीचे नेमाचे वारकरी. मूलबाळ नव्हते, वय उतरणीला लागले होते, तरी वारी सुटली नाही. त्या उतारवयात विठोबाच्या कृपेने मुलगा झाला, असे परंपरा सांगते. घरात पंढरीची वारी आणि कुलकर्णीपण दोन्ही होते. वडिलांच्या मागे दोन्ही महिपतींकडे आले.

कुलकर्ण्याचे काम म्हणजे काय, हे जुन्या माणसांना सांगायला नको. साऱ्याचा हिशेब, कोणाकडे किती बाकी, वसूल किती आला, हे सगळे त्याच्या दप्तरात. गावाचा जीव त्या लेखणीच्या टोकाशी असायचा. महिपती ते काम नेकीने करत होते आणि चार घास सुखाने खात होते.

एके दिवशी ते देवपूजेला बसले असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला. पूजा आटोपून येतो, असा निरोप महिपतींनी दिला. शिपायाला थांबायला सवड कुठली? तो नाही नाही ते बोलला आणि आत्ताच्या आत्ता चला म्हणून अडून बसला. महिपती पूजा अर्धी टाकून उठले. कचेरीत गेले, सांगितलेले काम पुरे केले आणि घरी परत आले. आल्यावर त्यांनी कानावरची लेखणी काढून देवापुढे ठेवली आणि शपथ घेतली, की यापुढे ही लेखणी माणसाच्या चाकरीसाठी धरायची नाही. धरायची ती फक्त संतांचे गुण गाण्यासाठी.

आता जरा विचार करा. असा अपमान आपला झाला असता तर आपण काय केले असते? कोणी शिपायाशी वैर धरले असते. कोणी पोटासाठी गिळून टाकले असते आणि आयुष्यभर मनात कुढत बसले असते. महिपतींनी दोन्ही केले नाही. शिपाई वाईट वागला हे खरेच होते, ते त्यांनी गोड मानून घेतले नाही. पण त्याच्याकडेच बघत ते बसले नाहीत. आपली लेखणी आजवर कोणाच्या कामी लागली, हे त्यांना त्या दिवशी दिसले. अपमान तोच, पण बघणे बदलले आणि जन्माची दिशा बदलली. बोरू तोच, शाई तीच, पण कालपर्यंत माणसांची बाकी लिहिणारा हात आता संतांची थोरवी लिहू लागला.

तुकाराम महाराजांना वैकुंठाला जाऊन तेव्हा बरीच वर्षे लोटली होती. महिपतींनी त्यांनाच गुरू मानले, आणि तुकोबांनी स्वप्नात अनुग्रह दिला अशी त्यांची श्रद्धा होती. शके १६८४ मध्ये ‘भक्तविजय’ झाला, शके १६९६ मध्ये ‘भक्तलीलामृत’. ‘संतलीलामृत’ आणि ‘कथासारामृत’ही त्यांचीच. ‘संतविजय’ मात्र अपुरा राहिला. एवढे लिहूनही मोठेपणा स्वतःकडे घेतला नाही. उत्तरेचे नाभाजी आणि आपल्याकडचे उद्धवचिद्घन यांनी आधी लिहिले, त्यांच्या आधारे मी लिहितो, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

‘भक्तविजया’चे साल ध्यानात घ्या. शके १६८४ म्हणजे इ. स. १७६२. पानिपत होऊन जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष झाले होते. मराठी मुलखात घरोघर रडारड होती. आपल्याकडेही निजामाची स्वारी येऊन गोदाकाठच्या टोक्याची नासधूस झाली होती. अशा दिवसांत या माणसाने सत्तावन्न अध्यायांचा ग्रंथ पुरा केला आणि त्याच्या नावात ‘विजय’ घातला. कोणाचा विजय? चोखोबांचा, सेना महाराजांचा, कान्होपात्रेचा. ज्यांच्या हाती ना फौज, ना जहागीर, त्यांचा. सगळे हरलो असे चारचौघांना वाटत असताना काय हरलेले नाही, हे महिपतींनी दाखवले.

त्यांची दृष्टी किती निर्मळ होती त्याची एक खूण सांगतो. त्यांचे जहागीरदार मुसलमान होते असे सांगतात. त्या जहागिरीच्या शिपायाने अपमान केलेल्या या माणसाने कबीरांचे आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे चरित्र इतर संतांइतक्याच प्रेमाने लिहिले. एका शिपायाचा राग साऱ्या जमातीवर काढणे सोपे होते. ते त्यांनी केले नाही.

तुकोबांच्या उसाची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मोळी वाटेत पोरांना वाटली गेली, घरी एकच ऊस आला. जिजाईने तो पाठीत हाणला तेव्हा त्याचे तुकडे झाले. तुकोबा हसले आणि बरे वाटे केलेस म्हणाले. मार तर लागलाच होता, पण त्यांनी बघितले ते वाट्यांकडे. महिपतींनी जिजाईलाही कमी लेखले नाही बरं का. भंडाऱ्याच्या डोंगरावर ती नवऱ्याची भाकरी घेऊन गेली, पायात काटा मोडला, तेव्हा तो काढायला खुद्द विठोबा आला, हेही त्यांनीच सांगितले. देवाला रोज शिव्या देणारी ती बाई, पण महिपतींना तिच्या शिव्यांपेक्षा तिची ती भाकरी दिसली.

आपण नगर, मिरजगाव, करमाळा करत पंढरीला जातो. चिखल सगळ्यांना सारखाच. एक जण पायाचे फोड मोजतो, दुसरा पंढरी किती जवळ आली ते मोजतो. फोड दुसऱ्यालाही असतातच. त्याला मलम लावावे, जमले तर पाय दाबून द्यावेत. दुःख नाही असे संतांनी कधी म्हटले नाही. तुकोबांनी दुष्काळ सोसला, चोखोबांनी अवहेलना सोसली, आणि महिपतींनी ते काही झाकून ठेवले नाही. पण दुःखाला त्यांनी गोष्टीचा शेवट होऊ दिले नाही.

शके १७१२ मध्ये, म्हणजे १७९० साली, श्रावण वद्य द्वादशीला महिपतीबुवांनी ताहराबादेतच देह ठेवला. त्यांनी ज्यांच्या बाक्या लिहिल्या ती दप्तरे आज कोणाला आठवत नाहीत. ‘भक्तविजया’ची पोथी मात्र चातुर्मासात अजून गावोगाव उघडते. यंदा ती आपल्याकडे उघडली, की आधी ताहराबादकडे तोंड करून एकदा हात जोडावेत.