मगनवाडीचे कुमारप्पा

स्मरणिकेसाठी चरित्र लिही म्हणताच सर्वांना वाटले, मी बापूंवर किंवा विनोबांवर लिहिणार. पण चुलीच्या धुराने आईचे डोळे पाणावलेले मी रोज पाहिले, म्हणून मला आठवले जे. सी. कुमारप्पा.

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला एका ख्रिस्ती कुटुंबात ते जन्मले. लंडनला हिशेबतपासनिसाची विद्या झाली, पुढे अमेरिकेत अर्थशास्त्र. १९२९ साली गांधीजी भेटले आणि विलायती पोशाख जाऊन खादी आली. १९३४ अखेर ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचे हे चिटणीस. बिऱ्हाड आपल्या वर्ध्यात, जमनालालजींनी दिलेल्या मगनवाडीत.

त्यांचे अर्थशास्त्र गृहिणीला चटकन् उमगावे असे. दगडी कोळसा, रॉकेल हा भूमीतला साठा, उपसला की संपला. तेलबिया दरवर्षी पिकतात. तेव्हा संसार पिकणाऱ्यावर चालवावा, साठ्याला हात लावताना विचार करावा. कोठीघर सांभाळणारी प्रत्येकजण हेच करते, परंतु त्याला शास्त्राचा मान देणारे पंडित त्या काळी विरळाच! मगनवाडीत बियांच्या तेलावर जळणारा ‘मगन दीप’ झाला, धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ झाली. गिरणीत घासलेल्या तांदळाचे सत्त्व कोंड्याबरोबर जाते, हेही ते सांगत. (माझ्या घरी अजून पांढराशुभ्र भातच शिजतो, हे कबूल करते.)

आपला विचार त्यांनी १९४५ साली जबलपूरच्या तुरुंगात ग्रंथरूपाने मांडला. ३० जानेवारी १९६० रोजी, बापूंच्याच पुण्यतिथीला, ते वारले. मगनवाडीत १९३८ साली उघडलेले संग्रहालय आपल्यापैकी कितीजणींनी पाहिले आहे?