जोसेफ केकुकू आणि बोटांतील नख्या

पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी हवाई नावाची बेटे आहेत. त्यांपैकी ओआहू बेटावरील लाइए या खेड्यात सन १८७४ च्या डिसेंबरात जोसेफ केकुकू याचा जन्म झाला. त्या काळी तेथे हवाई लोकांचेच राज्य होते. गिटार मात्र तेथील मूळचे वाद्य नव्हे. गुरे राखण्यासाठी मेक्सिकोकडून आणविलेल्या गुराख्यांबरोबर ते बेटांवर आले, आणि हवाई लोकांनी त्यास आपल्या गाण्यात सामावून घेतले.

सन १८८९ मध्ये जोसेफ होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत दाखल झाला. राजकन्या बर्निस पौआही बिशप हिने मृत्युपत्राने ठेवलेल्या मिळकतीतून ही शाळा १८८७ साली निघाली होती. तेथे पुस्तकी विद्येबरोबर मुलांस हातकामही शिकवीत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

गिटारच्या तारेवर धातूचा तुकडा सरकविला असता स्वर पायरीपायरीने न जाता घरंगळत जातो. हे जोसेफास प्रथम कसे उमगले, याच्या कथा निरनिराळ्या आहेत. कोणी रुळाच्या कडेस सापडलेला बोल्ट म्हणतात, कोणी चाकूची पाठ, तर कोणी केसांची फणी. हा शोध त्याच्याही आधी दुसऱ्यांस लागला होता असे म्हणणारे आहेतच. त्यांत हिंदुस्थानातून तेथे पोचलेल्या गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या मनुष्याचेही नाव घेतात. आपल्याकडील विचित्र वीणा आणि गोट्टुवाद्यम ही वाद्येही तारेवर गुळगुळीत गोटा सरकवूनच वाजवितात. तेव्हा ही कल्पना एकट्या केकुकूचीच, असा हट्ट आम्ही धरीत नाही. पण बोल्ट पुष्कळांच्या हाती लागतो. त्याचे वाद्य करणारा विरळा. या मुलाने शाळेच्या कर्मशाळेत हातात बसेल अशी पोलादी सळई घडविली, आतड्याच्या तातीऐवजी पोलादी तारा चढविल्या, सळई पडद्यांवर आपटू नये म्हणून त्या तारा उंच उचलल्या, आणि अनेक वर्षे या एकाच वादनाचा अभ्यास केला. त्याचे पाहून सोबतीही तसे वाजवू लागले.

पोलादी तार उघड्या बोटाच्या मांसास पुरेशी दाद देत नाही. म्हणून या वाद्याच्या वादकांत नख्यांची चाल पडली. आमच्या विद्यार्थ्यांस सतारीची नखी परिचित आहे. ती तारेची असून एकट्या तर्जनीत घालतात. स्टील गिटारसाठी बहुधा तीन नख्या लागतात. अंगठ्याची प्लॅस्टिकची, आणि तर्जनी व मध्यमा यांच्या पितळेच्या अथवा जर्मन सिल्व्हरच्या. नवशिका मुलगा धातूच्या नखीचे पाते हटकून बोटाच्या नखावर आणतो. ते तसे नव्हे. पाते बोटाच्या आतल्या, मांसल बाजूस यावे. पत्रा ०·०१३ पासून ०·०२५ इंचापर्यंत जाडीचा मिळतो. पातळ नखी लवते व तिचा स्वर कोवळा निघतो. जाड नखी तारेस ठाम भिडते. प्रारंभी ०·०१८ इंचाच्या आसपासची मध्यम नखी घ्यावी, असे आमचे मत आहे.

विकत आणलेली नखी कोणाच्याच बोटास आयती बसत नाही. तिचे दोन्ही पंख दाबून वा उकलून बोटाच्या घेराचे करावे. वाजविताना ती फिरली तर सैल आहे. बोटाचे टोक निळसर पडले तर घट्ट आहे, आणि अशी नखी क्षणभरही ठेवू नये. पाते सरळ राहिल्यास तारेत अडकते. म्हणून चिमट्यास फडके गुंडाळून ते बोटाच्या वळणाप्रमाणे हळूहळू वाकवावे. मांसापुढे ते किंचितच डोकवावे. कडेस खरखर लागली तर बारीक काचकागदाने घासावी, नाहीतर प्रत्येक स्वराआधी कर्कश ओरखडा ऐकू येतो. अंगठ्याची नखी आवळत असेल तर गरम पाण्यात बुडवून रुंदवावी व लागलीच थंड पाण्यात धरावी. जुन्या नख्या सेल्युलॉइडच्या असत. तो पदार्थ भडकन पेट घेतो, म्हणून नखीस ज्योत कधीही दाखवू नये. पहिले काही दिवस हात परका वाटतो. पालकांनी तेवढ्यावरून दुसऱ्या, महाग नख्या आणण्याची घाई करू नये.

असो. सन १८९३ मध्ये हवाईची राणी पदच्युत झाली आणि १८९८ मध्ये ती बेटे अमेरिकेने आपल्या राज्यास जोडली. १९०४ साली केकुकू मायभूमी सोडून अमेरिकेत गेले व नाटकगृहांतून वाजवू लागले. ज्या राज्यात ते जन्मले ते राज्य उरले नव्हते. त्याचे गाणे मात्र ते गावोगाव नेत होते. पुढे 'बर्ड ऑफ पॅरडाइज' या नाट्यप्रयोगाबरोबर १९१९ पासून सुमारे आठ वर्षे ते युरोपात हिंडले. परतल्यावर त्यांनी अमेरिकेत शिकवण्या केल्या. तोवर हे वाद्य त्यांच्या हातून निसटून जगाचे झाले होते. पुढे ते हिंदुस्थानातही आले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिपले यांनी वाजविलेली हवाईयन गिटार अनेक पालकांच्या कानांत असेल.

न्यू जर्सी प्रांतातील डोव्हर गावी स्थायिक झाल्यावर, सन १९३२ च्या जानेवारीत केकुकू वारले. वय अवघे सत्तावन्न वर्षांचे होते. समुद्र जेथून दृष्टीस पडत नाही अशा त्याच गावात त्यांस मूठमाती दिली. स्टील गिटारवादकांच्या मानाच्या यादीत त्यांचे नाव १९९३ साली, म्हणजे मृत्यूनंतर एकसष्ट वर्षांनी, दाखल झाले. आता लाइए येथे त्यांचा पुतळा उभा आहे.