मार्टिन ल्यूथर : श्रद्धा आणि सत्कर्म यांचा क्रम बदलणारे धर्मसुधारक

जर्मनीतील एरफुर्ट विद्यापीठाची पदवी मिळवून कायद्याच्या अभ्यासाला लागलेला एकवीस वर्षांचा एक तरुण २ जुलै १५०५ रोजी घरून विद्यापीठाकडे परतत होता. स्टॉटर्नहाइम गावाजवळ त्याला वादळाने गाठले आणि जवळच वीज कोसळली. भयभीत होऊन त्याने संत अ‍ॅनाचा धावा केला व जीव वाचल्यास संन्यास घेण्याचा नवस बोलला. १७ जुलैला तो ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. खाणव्यवसायात कष्टाने वर आलेल्या वडिलांचे मुलाला वकील करण्याचे स्वप्न तेथेच संपले. हा तरुण म्हणजे मार्टिन ल्यूथर.

मठात ल्यूथर यांनी उपवास, जागरणे आणि प्रार्थना यांत कसूर केली नाही. तासन्तास ते आपल्या पापांची कबुली देत. माणसाने आपल्याकडून होईल तितके करावे, म्हणजे देव कृपा करतो, अशी शिकवण त्यांना मिळाली होती. मात्र होईल तितके झाले की नाही, याची खात्री त्यांना कधीच पटेना. वरिष्ठ धर्मगुरू योहान फॉन श्टाउपित्झ यांनी त्यांना अध्यापनाकडे वळवले. १५१२ मध्ये विटेनबर्ग येथे ते धर्मशास्त्राचे डॉक्टर झाले.

बायबलमधील रोमकरांस पत्रावर १५१५-१६ मध्ये त्यांनी व्याख्याने दिली. या अभ्यासातून त्यांच्या मनातील कोडे हळूहळू उलगडले. देवाचे नीतिमत्त्व हा माणसाला दोषी ठरवणारा मापदंड नसून देवाने विश्वास ठेवणाऱ्याला दिलेले दान आहे, असा अर्थ त्यांना उमगला. तारण कमवावे लागत नाही, ते स्वीकारावे लागते, हा त्यांच्या पुढील शिकवणुकीचा पाया ठरला.

याच काळात योहान टेट्झेल हा धर्मोपदेशक पापांच्या शिक्षेतून सूट देणारी क्षमापत्रे विकत होता. त्यातील अर्धी रक्कम रोममधील सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामासाठी, तर अर्धी आर्चबिशप आल्ब्रेख्त यांचे कर्ज फेडण्यासाठी जात होती. विटेनबर्गचे लोक सीमा ओलांडून ती विकत घेऊ लागले. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथर यांनी आपले ९५ मुद्दे आल्ब्रेख्त यांना पाठवले. वाद पेटला. १५२१ मध्ये पोपने त्यांना बहिष्कृत केले आणि वर्म्स येथील राजसभेत सम्राटासमोरही त्यांनी माघार घेतली नाही. वार्टबुर्ग किल्ल्यात अज्ञातवासात असताना त्यांनी नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले. त्यात विश्वासाने नीतिमान ठरण्याविषयीच्या वचनात त्यांनी ‘केवळ’ या अर्थाचा शब्द घातला. कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे असे सांगणारे याकोबाचे पत्र त्यांनी ग्रंथाच्या शेवटाकडे नेले.

तथापि सत्कर्मे नकोत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. चांगल्या झाडाला चांगले फळ येते. फळामुळे झाड चांगले होत नाही, अशी त्यांची भूमिका १५२० मधील ख्रिस्ती स्वातंत्र्यावरील पुस्तिकेत दिसते. सत्कर्म स्वर्गासाठी नव्हे, शेजाऱ्यासाठी करायचे. १५२७ मध्ये विटेनबर्गमध्ये प्लेग आला आणि विद्यापीठ येना येथे हलले, तेव्हा ल्यूथर गरोदर पत्नी काथारिनासह तेथेच राहिले आणि त्यांचे घर रुग्णांचा आसरा बनले.

पुढच्याच वर्षी सॅक्सनीतील गावे पाहताना त्यांना धक्का बसला. स्वातंत्र्याचा अर्थ अनेकांनी बेफिकिरी असा घेतला होता आणि काही धर्मगुरूंनाही दहा आज्ञा धड येत नव्हत्या. म्हणून १५२९ मध्ये त्यांनी दोन धर्मप्रश्नोत्तऱ्या लिहिल्या. त्यांची सुरुवात दहा आज्ञांनीच होते. श्रद्धावंताला नियमशास्त्राची गरज नाही, असे सांगणारे त्यांचे जुने सहकारी योहान आग्रिकोला यांनाही त्यांनी १५३७ पासून जाहीर वादात विरोध केला.

श्रद्धेचे फळ प्रेम, या त्यांच्याच कसोटीवर ते स्वतः सर्वत्र उतरले नाहीत. १५२५ मध्ये बंडखोर शेतकऱ्यांना निर्दयपणे चिरडण्याचे आवाहन त्यांनी केले आणि १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध विखारी लेखन केले. १८ फेब्रुवारी १५४६ रोजी आइस्लेबेन या जन्मगावीच त्यांचे निधन झाले.

त्यानंतर वर्षभरातच, जानेवारी १५४७ मध्ये, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने केवळ विश्वासाचा सिद्धांत अमान्य केला. देवाच्या कृपेला माणसाने दिलेली साथ आणि सत्कर्मे यांनाही परिषदेने स्थान दिले. दरम्यान ल्यूथर यांची शिकवण दूरवर पोहोचली. १७०६ मध्ये तरंगंबाडी येथे उतरलेले लुथेरन मिशनरी बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग यांनी त्यांची लहान प्रश्नोत्तरी तमिळमध्ये आणली. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक लुथेरन महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. माणूस देवाच्या कृपेने स्वीकारला जातो आणि सत्कर्मे त्या कृपेतून उपजतात, यावर दोघांचे एकमत झाले. काही मतभेद उरले; पण सोळाव्या शतकात या प्रश्नावर एकमेकांवर ठेवलेले दोषारोप आजच्या शिकवणुकीला लागू होत नाहीत, हे दोन्ही बाजूंनी मान्य केले.