मुम्मडी कृष्णराज वडेयर आणि तुरगपदबंध

टिपूच्या पाडावानंतर, १७९९ मध्ये, मुम्मडी कृष्णराज वडेयर (१७९४–१८६८) पाचव्या वर्षी म्हैसूरच्या गादीवर आले. १८३१ मध्ये इंग्रजांनी कारभार हिरावला. दरबार तेवढा उरला. मराठी घराण्यातील वाग्गेयकार सदाशिवराव त्याच दरबारचे. राजांनी स्वतः चौसष्ट घरांत स्तुतिपर श्लोकांची अक्षरे अशी मांडली की, घोडा प्रत्येक घरी एकदाच गेला तरच ती सलग वाचावीत. दोन अनुष्टुभांनी सारा पट भरतो, हा छंदाचाच हिशेब. रुद्रटापासूनची ही वाट काशीस स्थायिक झालेल्या मराठी भट्टकुळातील नीलकंठानेही चोखाळली होती. राज्यहीनाचा विरंगुळा म्हणून तिची बोळवण करणे अन्यायाचे; ‘श्रीतत्त्वनिधी’त देवताध्यानांच्या पंक्तीला खेळांचा ‘कौतुकनिधी’ आहे. वडेयरांना राज्य परत मिळाले ते १८८१ मध्ये, दत्तकपुत्राच्या हाती.