साने गुरुजी : मुलांच्या मनाला हक्काची जागा देणारा शिक्षक

साने गुरुजी म्हटलं की पहिल्यांदा ‘श्यामची आई’ आठवते. पण हे पुस्तक लिहिण्याच्या कितीतरी आधी त्यांनी अंमळनेरच्या छात्रालयात एक वेगळंच काम केलं होतं. किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्याबद्दल आज जे बोललं जातं, त्यातलं बरंच काही त्या कामात दिसतं.

घरापासून दूर

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडला झाला. घराण्याचं नाव होतं, पण हाती पैसा उरला नव्हता. त्यामुळे शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण करावी लागली. औंधला प्लेगची साथ आली आणि तिथूनही परतावं लागलं. १९१७ मध्ये आई गेली, तेव्हा ते पुण्यात शिकत होते. शेवटची भेट झालीच नाही. त्यावेळी त्यांचं वय होतं अवघं १७ वर्षांचं.

छात्रालयाचं घर झालं

१९२४ मध्ये ते अंमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली मुलं तिथे राहत. घर सोडून आलेल्या मुलाच्या मनात काय चालतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, कपडे धूत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. शिक्षेचा धाक दाखवण्यापेक्षा हा मार्ग त्यांना जवळचा वाटे. ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिकही ते मुलांसाठी काढत. घड्याळ आणि परीक्षा यांपलीकडे आपल्याशी कुणीतरी रोज बोलतंय, ही जाणीव मुलांना त्यातून मिळे. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केलं. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले.

तुरुंगातल्या गोष्टी

‘श्यामची आई’ त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. पुस्तकाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. रोज रात्री आश्रमातली मंडळी जमतात आणि श्याम आपल्या लहानपणाच्या चुका, भीती, हट्ट, लाज सगळं मोकळेपणाने सांगतो. ऐकणारे त्याला हसत नाहीत. मोठ्या माणसाने आपलं दुबळेपण सांगितलं की मुलांनाही स्वतःचं सांगायला धीर येतो.

१९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाचं काम नव्याने उभं राहिलं. एस. एम. जोशी त्याचे दलप्रमुख होते आणि साने गुरुजी प्रेरणास्थान. जात-धर्म न पाहता मुलामुलींनी संध्याकाळी एकत्र यावं, खेळावं, गावं, अशी या शाखांची पद्धत होती. ज्या गावात विहिरीही वेगळ्या होत्या, तिथल्या मुलांसाठी हे साधं नव्हतं. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी उपोषण केलं, त्यामागेही हीच तळमळ होती.

सर्वांचं ऐकणारा एकटा

गांधीजींच्या हत्येनंतर गुरुजी फार खचले. त्यांनी २१ दिवसांचं उपोषण केलं. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं, लिहीत राहिले. पण ११ जून १९५० रोजी, वयाच्या ५० व्या वर्षी, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. अशा मृत्यूचं एकच कारण सांगता येत नाही. एवढं मात्र कळतं की दुसऱ्यांना आधार देणाऱ्यालाही आधार लागतो, आणि हळवेपणा म्हणजे दुबळेपणा नव्हे.

त्यांच्यानंतर सहकाऱ्यांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली आणि गोष्टींच्या निमित्ताने मुलं जमत राहिली.

भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीसारख्या गावात आज अशी जागा करायची तर मोठी इमारत लागणार नाही. शाळेची एखादी खोली, समाजमंदिराचा ओटा, थोडी पुस्तकं, ठरलेली वेळ आणि न रागावता ऐकणारं एक माणूस पुरतं. त्या माणसाचं ऐकणारंही कुणीतरी हवं. आणि त्रास फार वाढला तर डॉक्टरांकडे जावं, किंवा सरकारच्या ‘टेलि-मानस’ या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येतं.