डोंगरांचा फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरात भारतातून पाहुणे आले, की योसेमिटीची फेरी ठरलेलीच. गेल्या वेळी आई-बाबा आले होते, तेव्हा मी तिथे ट्रायपॉड लावून धबधब्याचा लाँग एक्स्पोजर फोटो काढत होतो. पाणी दुधासारखं दिसावं म्हणून शटर काही सेकंद उघडं ठेवायचं. एका फोटोला एवढा वेळ कशाला लागतो, असं बाबांनी विचारलं आणि मग मला ॲन्सेल ॲडम्सची गोष्ट सांगावी लागली. तीच इथे लिहितो.

ॲन्सेलचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. १९०६ च्या मोठ्या भूकंपानंतर आलेल्या एका धक्क्यात चार वर्षांचा हा मुलगा बागेतल्या भिंतीवर आपटला, नाक मोडलं आणि ते जन्मभर वाकडंच राहिलं. आजोबांचा लाकडाचा मोठा व्यापार होता, पण १९०७ च्या मंदीनंतर घराण्याची श्रीमंती ओसरली. ज्यांच्या घरात जंगलं तोडून पैसा आला, त्यांचाच नातू पुढे जंगलं वाचवायला उभा राहिला!

शाळेत हे पोरगं एका जागी बसायचंच नाही. शेवटी वडिलांनी शाळा सोडवली आणि घरीच शिकवणी सुरू केली. १९१५ मध्ये शहरात जागतिक प्रदर्शन भरलं होतं. वडिलांनी त्याला वर्षभराचा पास काढून दिला आणि रोज तिथे जायला सांगितलं. असे वडील आपल्याकडे किती जणांना मिळतात? पियानोही तो याच काळात शिकला.

१९१६ मध्ये हट्ट करून त्याने घरच्यांना योसेमिटीला नेलं. तिथे आई-वडिलांनी एक साधा कोडॅक बॉक्स ब्राउनी कॅमेरा हातात दिला. त्यानंतर मरेपर्यंत एकही वर्ष योसेमिटीला गेल्याशिवाय गेलं नाही. तरी १९३० पर्यंत पियानोवादक व्हायचं की फोटोग्राफर, हे ठरत नव्हतं. त्याने पियानो सोडू नये, म्हणून आई आणि मावशी विनवण्या करत होत्या. चांगलं चाललेलं सोडून हे काय नवीन, हा प्रश्न फक्त मराठी घरातच विचारतात असं नाही.

१० एप्रिल १९२७ ला तो चार जणांबरोबर बर्फातून चढून हाफ डोमच्या समोरच्या कड्यावर पोचला. त्या चौघांत पुढच्या वर्षी त्याची बायको झालेली व्हर्जिनियाही होती. पाठीवर जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेट्स. चढताना बऱ्याच वापरल्या गेल्या, उरल्या फक्त दोन. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून घेतली. मग लक्षात आलं, की आपल्याला तो कडा जसा भव्य वाटतोय, तसा यात उतरणार नाही. शेवटच्या प्लेटसाठी गडद लाल फिल्टर लावला. हा फिल्टर आकाशाचा निळा रंग अडवतो, म्हणून आकाश जवळजवळ काळं येतं. प्रकाशही खूप अडतो, म्हणून शटर पाच सेकंद उघडं ठेवलं. तो फोटो जगभर गाजला. बटण दाबण्याआधी चित्र मनात पुरं झालेलं हवं, हे तो त्या दिवशी शिकला.

१९३२ मध्ये त्याने मित्रांबरोबर एक गट काढला. नाव होतं एफ ६४. लेन्सचं भोक अगदी बारीक केलं, की पायाजवळच्या दगडापासून लांबच्या शिखरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. किंमत मोजायची ती वेळेची. एफ ८ ला सेकंदाचा साठावा भाग पुरत असेल, तर एफ ६४ ला साधारण एक सेकंद लागतो, म्हणजे चौसष्टपट. हे गणित आम्हा इंजिनिअर लोकांना फार आवडतं.

या फोटोंचा उपयोगही झाला. १९३६ मध्ये तो सिएरा क्लबतर्फे वॉशिंग्टनला गेला आणि किंग्ज कॅन्यनचे फोटो खासदारांना दाखवले. १९४० मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. पण मंदीने लोक भुकेले असताना हा दगडधोंड्यांचे फोटो काढत बसतो, ही टीका त्याला ऐकावी लागलीच.

मग युद्ध आलं. पर्ल हार्बरनंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या एक लाखाहून जास्त जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडून छावण्यांमध्ये जावं लागलं. त्यातले सुमारे दोन तृतीयांश तर अमेरिकेचे नागरिक होते. ॲन्सेलच्या आई-वडिलांकडे अनेक वर्षं काम करणारा, तब्येतीने खचलेला एक माणूसही गेला. १९४३ मध्ये मांझानार छावणीच्या प्रमुखाने बोलावलं आणि ॲन्सेल गेला. पहारेकरी, काटेरी तार आणि टेहळणीचे मनोरे यांचे फोटो घ्यायला बंदी होती. त्याने माणसांचे चेहरे टिपले. शाळेतली मुलं, परिचारिका, बेसबॉल खेळणारे, शेतात राबणारे. १९४४ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. युद्ध चालू असताना शत्रूच्या वंशाचे म्हणून ठरवलेल्या माणसांची बाजू घेणं लोकांना रुचलं नाही. उलट, छावणीचं दुःख त्याने फारच सौम्य दाखवलं, असंही पुढे काही जण म्हणाले. या दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे असं मला वाटतं. पण इतर बरेच जण गप्प असताना तो तिथे गेला होता, हेही तितकंच खरं.

याच काळात जवळच्या लोन पाइन गावातून त्याला सिएराचा सूर्योदय टिपायचा होता. चार पहाटे ढगांनी वाया घालवल्या. पाचव्या पहाटे कडाक्याच्या थंडीत तो गाडीच्या टपावर कॅमेरा लावून उभा राहिला. कुरणात चरणारा घोडा पाठ करून होता, तो ऐन वेळी वळला आणि फोटो झाला.

१९६५ मध्ये मांझानारचे फोटो त्याने लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकले. कोणीही ते वापरू शकतं. २२ एप्रिल १९८४ ला तो गेला. छावण्यांबद्दल सरकारने माफी मागितली ती १९८८ मध्ये, ती बघायला तो नव्हता.

बाबांना हे सगळं ऐकवलं आणि परतताना आम्ही वाट वाकडी करून ३९५ नंबरच्या हायवेने मांझानारला गेलो. आता ते राष्ट्रीय स्मारक आहे. मागे तेच बर्फाचे डोंगर, पुढे उघडं माळरान. इथे येताना आम्हीही घरदार सोडलं, पण ते आमच्या मर्जीने. बाबा तिथे बराच वेळ उभे होते, कॅमेरा गाडीतच राहिला. तुम्ही पाहुण्यांना योसेमिटी दाखवाल, तेव्हा एक दिवस या जागेसाठीही ठेवा.