सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या : पाण्याच्या मर्यादेचे भान

पाणी गाळून प्यावे आणि जपून वापरावे, हा संस्कार आपल्या समाजात मुलाला अक्षरओळखीच्याही आधी होतो. पाण्यात जीव आहे, असे आपण मानतो. परंतु तेच पाणी कोंडताना चूक झाली तर ते किती जीव घेते, हे पुणेकरांनी 12 जुलै 1961 रोजी पाहिले. स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, असा विश्वस्तांचा आग्रह झाला, तेव्हा माझ्या मनात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव आले. ते जैन नव्हते. मीही अभियंता नाही. कापडाच्या पेढीवर आयुष्य गेलेला वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तरीही त्यांच्या कार्यातील एक गोष्ट आपल्या लोकांना चटकन उमजेल असे वाटल्यावरून हे धाडस करीत आहे.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे जन्मगाव. वडील संस्कृतचे व्यासंगी, परंतु घरची परिस्थिती बेताची, आणि त्यांचेही छत्र लवकर हरपले. शिकवण्या करीत करीत विश्वेश्वरय्यांनी 1881 साली बंगळूर येथे बी.ए. पूर्ण केले आणि संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाले. 1883 साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. पुढच्याच वर्षी त्यांना इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी मिळाली. नाशिक, धुळे, पुणे अशा ठिकाणी त्यांनी काम केले. सिंधमधील सक्कर शहराची पाणीपुरवठा योजनाही त्यांनीच पार पाडली. त्यांच्या नोकरीची उमेदीची वर्षे मराठी मुलखात गेली, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. नीरा कालव्यावर एकट्या उसालाच सारे पाणी जाऊ नये, म्हणून शेताचे भाग पाडून आळीपाळीने पिके घेण्याची पद्धत त्यांनी घालून दिली.

आता मुख्य विषयाकडे वळतो. पुण्याजवळ खडकवासल्याचे दगडी धरण एकोणिसाव्या शतकातच उभे राहिले होते. त्याच्या तळ्याला साहेबी नाव होते लेक फाइफ. पावसाळ्यात तळे भरले की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात शहराला व कालव्याला पाण्याची चणचण भासे. साठा वाढवायचा तर सोपा उपाय दिसतो तो सांडवा उंच करण्याचा. परंतु सांडवा म्हणजे धरणाचा जीव वाचविणारी वाट. ती वाट उंच केली आणि मोठा पूर आला, तर पाणी भिंतीवरून उलटते व भिंतच धोक्यात येते. साठाही वाढावा आणि पुराची वाटही मोकळी राहावी, या दोन्ही गोष्टी एका वेळी कशा साधाव्यात, हा पेच होता.

विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित लोखंडी दारे योजिली. 1903 साली ती खडकवासल्यास बसविण्यात आली. दार आणि त्याच्या विरुद्ध बाजूचे वजन यांचा तोल पाण्याच्या पातळीशी असा जुळविला होता की ठरलेल्या रेषेपर्यंत पाणी थांबावे, रेषा ओलांडताच दारे आपोआप उघडावीत आणि पूर ओसरताच पुन्हा मिटावीत. मध्यरात्री पूर आला, पहारेकरी झोपला, तरी दार झोपत नाही. भिंतीला एक इंचही इजा न होता साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. या युक्तीचे पेटंट त्यांच्या नावावर झाले. परंतु ज्या खात्याचे आपण वेतन घेतो, त्याच खात्याकडून स्वामित्वधन घेणे त्यांना योग्य वाटले नाही.

श्रावकाच्या व्रतांमध्ये परिग्रह-परिमाण व्रत आहे. संग्रह करू नये असे ते सांगत नाही. गृहस्थाला संग्रह करावाच लागतो. परंतु आधी मर्यादा ठरवावी आणि तिच्यापुढचे आपल्याकडे राहू देऊ नये, असे ते सांगते. खडकवासल्याच्या दारांविषयी प्रथम वाचले, तेव्हा मला हेच व्रत आठवले. आम्हा व्यापाऱ्यांना गोदाम भरण्याची हौस मोठी, ही कबुलीही येथे देऊन टाकतो!

1908 साली त्यांनी सरकारी सेवा सोडली. त्याच वर्षी 28 सप्टेंबरला मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त केले. बळींची संख्या पंधरा हजारांच्या घरात सांगितली जाते. विश्वेश्वरय्या परदेश दौऱ्यावर असतानाच निजाम सरकारचे बोलावणे त्यांना पोहोचले व 1909 साली ते कामास लागले. नदीच्या पाणलोटात पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली शेकडो तळी होती. अतिवृष्टीत त्यांतील अनेक एकापाठोपाठ एक फुटली आणि वरच्या तळ्याचे पाणी खालच्या बांधावर आदळत गेले. म्हणून त्यांनी शहराच्या वरच्या अंगाला पूर सामावून घेणारे मोठे जलाशय सुचविले. मुसीवरील उस्मानसागर 1920 साली व ईसीवरील हिमायतसागर 1927 साली पूर्ण झाला.

पुढील काळ म्हैसूरचा. 1909 साली ते मुख्य अभियंता आणि 1912 ते 1918 दिवाण होते. कावेरीवरील कृष्णराजसागराचे काम 1911 साली सुरू झाले. तेथेही स्वयंचलित दारे आली. त्या काळी सिमेंट परदेशातून आणावे लागे, म्हणून सुरकी व चुना वापरून ती प्रचंड भिंत रचण्यात आली. त्यांच्या कारखान्यांविषयी, बँकेविषयी, विद्यापीठाविषयी इतरत्र भरपूर लिहिले गेले आहे. 1955 साली त्यांना भारतरत्न मिळाले.

सप्टेंबर 1960 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, ते हयात असतानाच, टपाल तिकीट निघाले. त्यानंतर दहा महिन्यांनी पानशेत फुटले. धरण पुरते सिद्ध झालेले नसताना त्या पावसाळ्यात तळे भरले होते. पाणी बाहेर सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते व तिच्यावरील मातीचा बांध खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण सकाळी बांध गेला. तो सारा लोंढा खालच्या खडकवासल्यात उतरला. नदीच्या पुरासाठी आखलेला सांडवा अख्ख्या धरणाचे पाणी कसे पेलणार? दगडी भिंतीने काही तास तग धरला. त्या तासांत नदीकाठच्या पुष्कळ लोकांना घर सोडता आले. मग तीही फुटली.

नदीलगतच्या पेठेत तेव्हा आमच्या वडिलांचे दुकान होते. चिखलाने माखलेल्या ताग्यांची आणि भिजून लगदा झालेल्या चोपड्यांची हकीकत ते आम्हा भावंडांना सांगत, परंतु मालाचा आकडा त्यांनी कधी उच्चारला नाही. शेजारच्या वाड्यातील माणसे मात्र नावानिशी सांगत.

शताब्दी पाहिलेल्या विश्वेश्वरय्यांचे एप्रिल 1962 मध्ये बंगळूर येथे देहावसान झाले. 15 सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. धरण सुरक्षेचा केंद्रीय कायदा मात्र 2021 साली झाला; कायद्याखाली येणाऱ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडा त्याने बंधनकारक केला. त्याआधी दोनच वर्षे, जुलै 2019 मध्ये, चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण रात्रीच्या वेळी फुटून खालची वस्ती वाहून गेली होती. पानशेत व खडकवासला ही दोन्ही धरणे नव्याने बांधून काढण्यात आली. पुणे शहराचे पिण्याचे पाणी आजही त्याच तळ्यांतून येते.